कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल : एका प्रतिपादनाचे परीक्षण

(१)

ग्रंथाचे नाव हेच पुढे एका विचाराचे नाव होऊन बसावे, असे भाग्य फार थोड्या शास्त्रीय ग्रंथांच्या वाट्याला येते. जॉर्ज ओला, ॲलन गेपर्ट व जी. के. सूर्य प्रकाश यांचा 'बियाँड ऑइल अँड गॅस : द मिथेनॉल इकॉनॉमी' हा ग्रंथ अशा थोड्यांपैकी एक होय. त्याची पहिली आवृत्ती २००६ मध्ये, दुसरी २००९ मध्ये आणि तिसरी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. मिथेनॉलकडे रसायन व इंधन या दोन्ही दृष्टींनी पाहणारा फ्रीडरिख आसिंगर यांचा जर्मन ग्रंथ १९८६ मध्येच निघाला होता. परंतु 'मिथेनॉल-अर्थव्यवस्था' हा शब्द जगभर रूढ झाला तो ओला व त्यांचे सहकारी यांच्यामुळेच. ओला यांना १९९४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते कार्बोकॅटायनांच्या रसायनावरील संशोधनाबद्दल. प्रकाश हे बंगळूर विद्यापीठ व मद्रासची भारतीय तंत्रविज्ञान संस्था येथे शिकलेले असून त्यांचे पुढील बहुतेक कार्य दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात झाले. २०१३ मध्ये या दोघांना इस्रायलचे पर्यायी इंधनांसंबंधीचे पारितोषिक विभागून देण्यात आले. तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा ओला हयात नव्हते; मार्च २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

इतक्या परिचित ग्रंथाचे परीक्षण आज करण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, धुराड्यांतून पकडलेल्या कार्बन डायऑक्साइडचे उपयुक्त रसायनांत रूपांतर करणाऱ्या उत्प्रेरकांवर आपल्याकडे पुष्कळ काम होऊ लागले आहे, आणि अशा कामाच्या प्रास्ताविकात या ग्रंथातील भूमिका बहुधा सिद्ध झालेल्या सिद्धांताप्रमाणे गृहीत धरली जाते. दुसरे कारण असे की, पहिल्या आवृत्तीच्या वेळी जे केवळ प्रतिपादन होते त्याला अनुसरून आता प्रत्यक्ष कारखाने उभे राहिले आहेत; प्रतिपादन अनुभवाच्या कसोटीवर घासून पाहण्याची सोय झाली आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ग्रंथातील रसायन सर्वस्वी ग्राह्य आहे. मात्र त्याचा जमाखर्च ग्रंथकारांनी कार्बनच्या खात्यावर मांडला आहे, आणि तो हायड्रोजनच्या खात्यावर मांडावयास हवा होता. हा फरक केवळ मांडणीचा नाही. संशोधकाने कोणता प्रश्न हाती घ्यावा, आणि आपल्या निष्कर्षाविषयी किती दावा करावा, हे त्यावर अवलंबून आहे.

(२)

प्रथम ग्रंथकारांची बाजू नीट मांडली पाहिजे. खनिज तेल व नैसर्गिक वायू यांचे साठे मर्यादित आहेत आणि त्यांच्या ज्वलनाने हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढत आहे, येथून त्यांचा युक्तिवाद सुरू होतो. त्यावर हायड्रोजन हा उपाय अनेकांनी सुचविला होता. त्यास ग्रंथकारांचा आक्षेप व्यवहाराचा आहे. हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसला द्रवरूप होतो. तो साठविणे, वाहून नेणे व सुरक्षित ठेवणे हे सर्वच खर्चाचे. उलट मिथेनॉल सामान्य तापमानात द्रव असून ६४.७ अंशांस उकळते. द्रवरूप हायड्रोजनाच्या एका लिटरात सुमारे ७१ ग्रॅम हायड्रोजन असतो, तर एक लिटर मिथेनॉलात तो सुमारे ९९ ग्रॅम असतो. म्हणजे हायड्रोजन साठवावयाचा तर तो मिथेनॉलच्या रूपाने साठविणे अधिक शहाणपणाचे, असे ते म्हणतात. टाक्या, नळ, जहाजे व पंप ही आजची सामग्री थोड्याफार फरकाने त्यास चालते. शिवाय मिथेनॉलपासून फॉर्माल्डिहाइड व ॲसेटिक आम्ल मिळते, आणि झिओलाइट उत्प्रेरकांच्या साहाय्याने एथिलीन व प्रोपिलीनही मिळते. त्यामुळे तेलावर उभा असलेला रसायनधंदा मिथेनॉलवर उभा करता येईल. या मिथेनॉलसाठी लागणारा कार्बन आरंभी कारखान्यांच्या धुराड्यांतून व अखेर हवेतून घ्यावा, म्हणजे कार्बनचे एक मानवनिर्मित चक्र पुरे होईल, असा हा एकंदर विचार आहे.

या प्रतिपादनात दोन गोष्टी विशेष गौरवास पात्र आहेत. मिथेनॉल हा ऊर्जेचा उगम नसून ऊर्जा साठविण्याचे व वाहून नेण्याचे साधन आहे, हे ग्रंथकारांनी स्वतःच स्पष्ट बजावले आहे. त्यांच्या अनेक अनुयायांना मात्र या इशाऱ्याचा विसर पडतो. दुसरी गोष्ट अशी की, कार्बन हा केवळ शत्रू मानून भागणार नाही, हे त्यांनी निर्भयपणे सांगितले. वीज पवनचक्कीतून मिळेल, परंतु प्लास्टिक, रंग, औषधे व धागे यांना कार्बनच लागणार. तो जमिनीतून काढावयाचा नसेल तर कोठून आणावयाचा, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि त्याचे एक सुसंगत उत्तर दिले.

(३)

आता उत्प्रेरकाकडे वळू. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू व हायड्रोजनचे तीन रेणू यांपासून मिथेनॉलचा एक व पाण्याचा एक रेणू तयार होतो आणि दर मोलमागे सुमारे ४९ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. विक्रिया उष्णतादायक असल्याने ती कमी तापमानास अनुकूल. परंतु कमी तापमानास तिचा वेग नगण्य. ही अडचण सोडविण्यासाठीच उत्प्रेरक हवा. १९२३ मध्ये जर्मनीतील बाडिश कंपनीने जस्त व क्रोमियम यांच्या ऑक्साइडांवर मिथेनॉल करण्यास प्रारंभ केला तेव्हा २५० बारांहून अधिक दाब लागत असे. १९६६ मध्ये इंग्लंडच्या इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजने तांबे, झिंक ऑक्साइड व ॲल्युमिना यांचा उत्प्रेरक वापरात आणला आणि काम ५० ते १०० बार दाबावर व २२० ते २८० अंश तापमानात होऊ लागले. आजही धंद्याचा मुख्य आधार हाच उत्प्रेरक आहे.

या उत्प्रेरकाच्या इतिहासात एक गोष्ट अशी आहे की, तिचा अर्थ आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. मिथेनॉल कारखान्यात कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण वापरतात, आणि मिथेनॉल मोनॉक्साइडपासूनच होते असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. १९८७ मध्ये इंपीरियल केमिकलच्याच चिंचेन व सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गी कार्बनची खूण लावून केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांवरून मिथेनॉलमधील कार्बन डायऑक्साइडमधून येतो असे दिसून आले. म्हणजे तांब्याच्या उत्प्रेरकावर कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल करणे ही नवी विद्या नव्हे. धंदा हे काम अजाणता दोन दशके करीतच होता.

मग मोनॉक्साइडचे काम काय होते? विक्रियेत निर्माण झालेल्या पाण्याशी संयोग पावून ते पुन्हा कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन देत असे. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर मोनॉक्साइड हे पाणी दूर करीत होते आणि त्याच पाण्यातून हायड्रोजन परत मिळवून देत होते. मिश्रणातून मोनॉक्साइड काढून टाकले आणि शुद्ध कार्बन डायऑक्साइड घेतला की, ही दोन्ही कामे थांबतात. पाणी तेथेच राहते. ते तांब्याचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून मोठे होण्यास व झिंक ऑक्साइडचे स्फटिक वाढण्यास मदत करते, आणि उत्प्रेरक लवकर थकतो. हायड्रोजनही आता सर्वच्या सर्व बाहेरून आणावा लागतो, आणि त्यातील एक-तृतीयांश पाण्यात जातो.

उत्प्रेरक विक्रियेचा वेग वाढवितो, समतोल हलवीत नाही, हे पदवीपरीक्षेचा विद्यार्थीही जाणतो. परंतु प्रबंध लिहिताना या साध्या गोष्टीचे विस्मरण होते. २५० अंश व ५० बार या परिस्थितीत, एकास तीन या प्रमाणातील मिश्रणात, समतोलास पोचेपर्यंत कार्बन डायऑक्साइडचा ढोबळमानाने चौथा भागच विक्रिया पावतो, आणि त्यातीलही काही भाग उलट जल-वायू विक्रियेने मोनॉक्साइडमध्ये जातो. कोणताही उत्प्रेरक ही मर्यादा ओलांडू शकणार नाही. मिथेनॉल व पाणी थंड करून वेगळे काढणे आणि उरलेला वायू पुनःपुन्हा फिरविणे, हाच मार्ग राहतो. आणि तो यंत्रशास्त्राचा मार्ग आहे.

याचा अर्थ उत्प्रेरकावरील संशोधन निरर्थक आहे असा कोणी काढू नये. या उत्प्रेरकाच्या पृष्ठावर कार्य नेमके कोठे घडते, यासंबंधी २०१२ मध्ये बेहरेन्स व सहकाऱ्यांनी आणि २०१७ मध्ये काटेल व सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये जी मते मांडली त्यांत महत्त्वाचा भेद आहे. पहिल्यांचा भर जस्ताने मंडित झालेल्या तांब्याच्या पायऱ्यांवर आहे, तर दुसऱ्यांचा झिंक ऑक्साइड व तांबे यांच्या सीमारेषेवर. साठ वर्षे वापरात असलेल्या पदार्थाविषयी असा मूलभूत वाद चालू असावा, यातच या क्षेत्राचे आकर्षण आहे. २०१६ मध्ये झुरिच येथील पेरेझ-रामिरेझ यांच्या गटाने झिर्कोनियावरील इंडियम ऑक्साइड १,००० तास टिकून राहतो व अधिक तापमानातही निवडकपणे मिथेनॉल देतो असे दाखविले. पाण्यापुढे न डगमगणारा उत्प्रेरक म्हणून तो स्वागतार्ह आहे. मात्र इंडियम हा जस्ताच्या खाणकामातून निघणारा दुय्यम पदार्थ असून जगात त्याचे वार्षिक उत्पादन सुमारे १,००० टनांच्या आसपास असते, हेही त्याच पानावर लिहिले गेले पाहिजे.

(४)

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. एक टन मिथेनॉल करण्यास कार्बन डायऑक्साइड लागतो १.३७५ टन आणि हायड्रोजन सुमारे १८८ किलो. वजनाने पाहिले तर हायड्रोजन अगदी किरकोळ दिसतो. कदाचित म्हणूनच विक्रियेचे वर्णन 'कार्बन डायऑक्साइडचे रूपांतर' असे करण्याची रीत पडली. ऊर्जेच्या दृष्टीने चित्र नेमके उलटे आहे. पाण्याच्या तीन रेणूंपासून हायड्रोजनचे तीन रेणू मिळविण्यास प्रमाण परिस्थितीत दर मोलमागे किमान ७११ किलोज्यूल मुक्त ऊर्जा लागते. द्रवरूप मिथेनॉलच्या एका मोलच्या ज्वलनातून मिळू शकणारी मुक्त ऊर्जा सुमारे ७०२ किलोज्यूल आहे. म्हणजे मिथेनॉलमध्ये जी काही किंमत आहे ती सर्व हायड्रोजनने आणलेली आहे. कार्बन डायऑक्साइडने आणलेली किंमत शून्य आहे, कारण तो ज्वलनाची राख आहे. हवेतून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढण्याचा किमान खर्चही दर मोलमागे सुमारे २० किलोज्यूल इतकाच आहे. प्रत्यक्ष खर्च त्याच्या अनेक पट येतो हे खरे, परंतु ७११ च्या शेजारी ठेवले असता मुख्य प्रश्न कोणता हे लपून राहत नाही.

हेच आकडे व्यवहारात उतरवून पाहू. विद्युत् विच्छेदनाने एक किलो हायड्रोजन मिळविण्यास ५० ते ५५ किलोवॉट-तास वीज लागते. त्या हिशेबाने एक टन मिथेनॉलमागे केवळ हायड्रोजनासाठी ९,४०० ते १०,३०० किलोवॉट-तास वीज खर्ची पडते. तयार झालेल्या एका टनाच्या ज्वलनातून मिळते ती उष्णता सुमारे ५,५०० किलोवॉट-तासांची. घातलेल्याच्या निम्म्याहून थोडे अधिक परत येते, आणि तेही इंजिनात जाण्यापूर्वी.

हायड्रोजन कोठून आणला यावर पुढचे सर्व अवलंबून आहे. तो नैसर्गिक वायूपासून रूढ पद्धतीने केला, तर दर किलोमागे सुमारे ९ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे मिथेनॉलच्या टनामागे सुमारे १.७ टन. वापरला १.३७५ टन आणि सोडला १.७ टन! भारतातील वीजजाळ्याची सरासरी वीज घेतली, तर दर किलोवॉट-तासामागे सुमारे ०.७ किलो या हिशेबाने टनामागे सुमारे ७ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल. उत्प्रेरक कितीही निवडक असला तरी या आकड्यांत तिळमात्र फरक पडत नाही. २०२३ मध्ये जगात सुमारे ९.७ कोटी टन हायड्रोजन वापरला गेला आणि त्यातील कमी-उत्सर्जनाचा हिस्सा एका टक्क्याहूनही कमी होता. तेव्हा ही शंका काल्पनिक नाही.

वीज सौर अथवा पवन असली तरी एक प्रश्न उरतोच, आणि आपल्या देशाच्या दृष्टीने तोच सर्वांत कठीण आहे. तीच दहा हजार किलोवॉट-तास वीज जाळ्यात सोडून तेवढ्यापुरते कोळशाचे वीजकेंद्र बंद ठेवले, तर नऊ-दहा टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. तिचे मिथेनॉल केले व ते पेट्रोलच्या जागी जाळले, तर सुमारे ०.४६ टन पेट्रोल व त्यातून निघणारा सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. सहा-सात पटींचा हा फरक आहे. जोवर जाळ्यात कोळसा आहे आणि अशी वीज जाळ्यात सामावून घेता येते, तोवर हवेच्या हिताच्या नावावर मिथेनॉल करणे महागाचा सौदा ठरेल.

येथे ग्रंथकारांच्या युक्तिवादातील सांधा सैल आहे असे आम्हांस वाटते. हायड्रोजन त्यांच्या विवेचनात दोन भूमिकांत येतो. एकदा तो मिथेनॉलचा प्रतिस्पर्धी म्हणून येतो, आणि तेव्हा त्याची साठवणीची व वाहतुकीची अडचण दाखवून त्यास बाजूस सारले जाते. पुढे तोच मिथेनॉलचा कच्चा माल म्हणून येतो. पहिल्या ठिकाणी दाखविलेल्या अडचणी मिथेनॉलने खरोखरच दूर होतात. परंतु हायड्रोजन स्वस्त व निर्मळ रीतीने निर्माण करण्याची अडचण मिथेनॉल दूर करीत नाही. ते ती वारसाहक्काने स्वीकारते, आणि एक-तृतीयांश हायड्रोजन पाण्यात जात असल्याने काहीशी वाढवितेही. हायड्रोजन अणुशक्तीपासून वा नवीकरणीय ऊर्जेपासून मिळवावा हे ग्रंथकारांनी सांगितले आहे. त्यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण प्रतिपादनाचा भार त्यांनी त्या वाक्यावर ठेवलेला नाही, आणि वाचकाच्या मनावर ठसा राहतो तो टाकाऊ वायूचे सोने झाल्याचा.

(५)

तीन कारखान्यांच्या उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. पहिला कारखाना आइसलंडमधील स्वार्त्सेंगी येथील असून त्यास ओला यांचेच नाव देण्यात आले. २०१२ पासून तेथे उत्पादन होऊ लागले आणि पुढे त्याची क्षमता वर्षास ४,००० टनांवर नेण्यात आली. शेजारच्या भूऔष्णिक केंद्राच्या वाफेबरोबर निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि आइसलंडची जलशक्तीची व भूगर्भातील उष्णतेची वीज, या दोहोंचा तेथे मिलाफ झाला. कार्बन डायऑक्साइड जगात कोठेही मिळेल. तशी वीज मात्र आइसलंडमध्येच मिळते. कारखाना तेथे उभा राहिला याचे कारण हायड्रोजन होय.

दुसरा कारखाना चीनच्या हेनान प्रांतातील आन्यांग येथे २०२२ मध्ये सुरू झाला. त्याच आइसलंडी कंपनीचे तंत्र तेथे वापरले आहे, पण क्षमता वर्षास १,१०,००० टन मिथेनॉलची, म्हणजे मूळच्या सत्तावीस पटींहून अधिक आहे. कार्बन डायऑक्साइड चुन्याच्या भट्ट्यांतून येतो. हायड्रोजन कोक भट्टीच्या वायूतून. म्हणजे कारखाना मोठा करण्याची वेळ आली तेव्हा विद्युत् विच्छेदनाची वाट सोडून कोळशापासून आयता मिळणारा हायड्रोजन घेतला गेला. व्यापारी दृष्टीने हे सयुक्तिक असेल. परंतु कोक भट्टीचा वायू एरवी इंधन म्हणून उपयोगी पडत असेल, तर त्याच्या जागी आता काय जळते, हे विचारल्यावाचून त्या मिथेनॉलचा हिशेब पुरा होत नाही.

तिसरा कारखाना डेन्मार्कमधील कासो येथे मे २०२५ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता वर्षास ४२,००० टन आहे. जवळच सुमारे ३०० मेगावॉटचे सौर केंद्र आहे. कार्बन डायऑक्साइड जैववायूच्या संयंत्रातून येतो, म्हणजे तो मुळात वनस्पतींनी हवेतून घेतलेला आहे. ग्रंथकारांच्या आदर्शाच्या सर्वांत जवळ जाणारे हे उदाहरण. त्याचे मिथेनॉल जहाजांसाठी व प्लास्टिकसाठी जाते. रासायनिक विक्रिया तिन्ही ठिकाणी एकच आहे. तरीही पहिले व तिसरे मिथेनॉल एका जातीचे व दुसरे निराळ्या जातीचे मानावे लागते, आणि हा जातिभेद उत्प्रेरकाच्या पृष्ठावर कोठेही दिसत नाही.

(६)

'पुनर्चक्रण' या शब्दाविषयीही थोडे लिहिले पाहिजे. कोळसा जाळणाऱ्या केंद्रातील कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचे मिथेनॉल केले व ते मोटारीत जाळले, तर तोच कार्बन एकदा विजेसाठी व एकदा वाहनासाठी उपयोगी पडला आणि मग हवेत गेला. दोन कामांत मिळून उत्सर्जन फार तर निम्मे झाले. पण वीजकेंद्र म्हणते, आम्ही कार्बन पकडला. आणि मोटारवाला म्हणतो, माझे इंधन कार्बनमुक्त आहे. एकच पुण्य दोघांच्या खाती जमा करता येत नाही. चक्र खऱ्या अर्थाने पुरे होते ते कार्बन हवेतून अथवा वनस्पतींतून घेतला असेल तेव्हाच. ग्रंथकारांचे अंतिम उद्दिष्ट हवेतून कार्बन घेण्याचेच होते, आणि २०१६ मध्ये ओला व प्रकाश यांच्या गटाने हवेतील कार्बन डायऑक्साइड बहु-अमाइनात पकडून रुथेनियमच्या समांगी उत्प्रेरकाने ७९ टक्क्यांपर्यंत मिथेनॉलमध्ये रूपांतरित करून दाखविला. धुराड्याचा टप्पा त्यांनी तात्पुरता मानला होता. अनुयायांनी तोच मुक्काम करू नये.

या बाबतीत युरियाचे उदाहरण बोधप्रद आहे. कार्बन डायऑक्साइडचा रासायनिक उपयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर होतो तो युरियासाठी, आणि अमोनियाशी होणाऱ्या त्या विक्रियेस उत्प्रेरक लागत नाही. रायगड जिल्ह्यातील थळ येथील कारखान्यात नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो, तोच पुढे युरियात घातला जातो. २०२३-२४ मध्ये भारतात तीन कोटी टनांहून अधिक युरिया झाला. त्यात दोन कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बांधला गेला. शेतात पडल्यावर मातीतील युरिएज या विकराने तो थोड्याच दिवसांत मोकळा होतो. म्हणून युरियाच्या कारखान्यास हवामानाचा तारक असे कोणी म्हणत नाही. तेथेही जड काम हायड्रोजननेच केलेले असते. अमोनिया ही त्याचीच दुसरी मूर्ती होय.

प्रमाणाचाही विचार हवा. जगात वर्षास सुमारे ११ कोटी टन मिथेनॉल तयार होते. ते सर्व कार्बन डायऑक्साइडपासून केले, तर सुमारे १५ कोटी टन वायू लागेल. इंधनांपासून होणारे जगाचे वार्षिक उत्सर्जन सुमारे ३,७०० कोटी टनांचे आहे. म्हणजे ०.४ टक्के. आणि त्यासाठी लागणारी वीज भारतात २०२३-२४ मध्ये निर्माण झालेल्या एकूण विजेच्या निम्म्याहून अधिक असेल. हवामानाचा प्रश्न या मार्गाने सुटेल ही आशा व्यर्थ आहे. पण रसायनधंद्यास, आणि विजेवर चालू न शकणाऱ्या लांब पल्ल्याच्या जहाजांस, खनिजाशिवाय कार्बन कोठून मिळेल, या प्रश्नाचे हे एक चांगले उत्तर आहे. ग्रंथाचे चिरस्थायी मूल्य या दुसऱ्या प्रश्नात आहे असे आमचे मत आहे.

(७)

या परीक्षणातून आपल्या विभागातील अभ्यासकांसाठी काही सूचना निघतात. शुद्ध नळकांड्यांतील कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन घेऊन केलेल्या प्रयोगास 'पकडलेल्या वायूचे रूपांतर' म्हणू नये. धुराड्यातील वायूत गंधकाची संयुगे असतात आणि तांब्यास ती विषासारखी असतात. परिवर्तनाचा आकडा देताना त्याच तापमान-दाबाचा समतोलाचा आकडा शेजारी द्यावा, म्हणजे उत्प्रेरकाचे कर्तृत्व किती व निसर्गाची मर्यादा किती हे वाचकास कळेल. उत्प्रेरकाच्या दर किलोमागे दर तासाला किती मिथेनॉल मिळाले व ते किती तास मिळत राहिले, हे सांगावे. दहा तासांच्या प्रयोगावरून टिकाऊपणाचा निष्कर्ष काढू नये. पाण्याचा परिणाम स्वतंत्रपणे तपासावा. आणि प्रास्ताविकात हवामानाचा उल्लेख करावयाचा असेल, तर समारोपात हायड्रोजनचा हिशेब द्यावा. तो देता येत नसेल, तर उल्लेख गाळावा. उत्प्रेरकाच्या पृष्ठावरील तांबे व जस्त यांचे नाते समजून घेणे हे स्वतःच पुरेसे योग्य असे कार्य आहे. त्यास जगाच्या उद्धाराची जोड देण्याची आवश्यकता नाही.

कमी तापमानास व कमी दाबास चालणारा, पाण्यापुढे टिकणारा आणि विजेच्या चढउतारांबरोबर कारखाना थांबला-चालला तरी न बिघडणारा उत्प्रेरक, ही आजची खरी गरज आहे. सौर व पवन वीज सतत मिळत नाही. म्हणून हायड्रोजनही सतत मिळणार नाही. वर्षानुवर्षे अखंड चालण्यासाठी घडविलेला १९६६ चा उत्प्रेरक अशा खंडित आयुष्यात कसा वागतो, हा प्रश्न मूलभूतही आहे व उपयुक्तही. हायड्रोजनच्या बाजूने विचार केला म्हणूनच तो दृष्टीस पडतो.

ओला, गेपर्ट व प्रकाश यांचा ग्रंथ पदव्युत्तर विद्यार्थ्याने अवश्य वाचावा. इतक्या विस्तृत विषयाची इतकी सुबोध मांडणी दुसरीकडे सहसा आढळत नाही. पुढे कधी चौथी आवृत्ती निघाली, तर स्वार्त्सेंगी, आन्यांग व कासो येथील वीज, हायड्रोजन व मिथेनॉल यांचे आकडे एका कोष्टकात शेजारी-शेजारी मांडलेले पाहावयास मिळावेत, एवढीच अपेक्षा आहे.